बाल्साच्या विमानावर टिश्यू कोणता चढवावा? (१३ इंची पीनट, रबर मोटर)

पहिलंउड्डाण

नमस्कार मंडळी. रबरवर उडणारं एक छोटं पीनट मॉडेल (१३ इंचांपर्यंतच्या पंखांची छोटी जात) गेला महिनाभर बांधतोय. पंख वर असलेलं, साधं चौकोनी धड, पंखांची लांबी १३ इंच. सांगाडा पूर्ण झालाय. प्रॉपेलर आणि रबर सोडून वजन ४.१ ग्रॅम भरलं. बहुतेक काड्या बाल्साच्या (फार हलकं लाकूड), दीड मिलिमीटर चौरस आहेत. शेपटी हातात धरली की वाकते, इतकी नाजूक.

आता अडलंय ते सांगाड्यावर चढवायच्या पातळ कागदावर, म्हणजे टिश्यूवर. माझ्याकडे तीन प्रकार आहेत:

किटसोबत आलेला पांढरा टिश्यू. भेटवस्तू गुंडाळायचा लाल टिश्यू, रंग फार सुंदर आहे. आणि एका जुन्या छंदी गृहस्थांनी प्रेमाने दिलेले जपानी टिश्यूचे दोन कागद, फिकट पिवळे.

मनातून लाल लावायचाय. पण याआधीच्या ग्लायडरवर कागद चढवून पाणी फवारलं आणि सकाळी बघतो तर आडव्या शेपटीला असा पीळ पडलेला, की एक टोक वर आणि एक खाली. तीन आठवड्यांचं काम होतं. ते विमान नंतर सरळ उडलंच नाही. या वेळी तसं होऊ द्यायचं नाहीये. कागद निवडताना नेमकं काय बघायचं, हे कोणी नीट समजावून सांगेल का?

मधली_बरगडी

सांगाडा ४.१ ग्रॅममध्ये बसवलात, छान काम झालंय. आता कागदाने ते वाया जाऊ देऊ नका.

रंग बाजूला ठेवा आणि आधी तीन गोष्टी करा. यातल्या कशालाही अर्ध्या तासापेक्षा जास्त लागत नाही.

पहिलं, वजन. अख्खा कागद घडी करून बारीक काट्यावर ठेवा. लांबी-रुंदी मोजा. ग्रॅमला चौरस मीटरने भागा. टिश्यूच्या पाकिटावर काय लिहिलंय किंवा विकणारा काय म्हणतो, यापेक्षा हा एक आकडा जास्त खरं बोलतो. चांगला हलका जपानी टिश्यू १२ ग्रॅमच्या आसपास येतो, भेटवस्तूंचा १७ ते २० पर्यंत जातो.

दुसरं, ओली परीक्षा. दोन बोटं रुंद पट्टी कापा, पाण्यात बुडवा आणि दोन्ही टोकांना धरून हळूच ओढा. काही कागद ओले झाले की लगदा होतात, काही ओले असतानाही ताण सोसतात. पाणी फवारून कागद ताणायचा असेल तर हा गुण फार मोलाचा आहे.

तिसरं, तंतूंची दिशा, म्हणजे ग्रेन. कोपऱ्यातून फाडून बघा. एका दिशेने कागद सरळ, स्वच्छ फाटत जातो. दुसऱ्या दिशेने फाटताना रेघ वाकडी पळते. सरळ फाटतो ती ग्रेनची दिशा. फाडून कळलं नाही तर लहान चौकोन कापून त्याच्या एकाच बाजूला ओला ब्रश फिरवा. कागद नळीसारखा वळेल. नळीची लांबी ज्या दिशेला, त्या दिशेला ग्रेन.

हे करून आकडे इथे टाका, मग पुढचं बोलू.

कात्री_कागद

+१. वजनाचं तर नक्कीच. मी प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने वजन आणि ग्रेनचा बाण काढून ठेवतो. दोन वर्षांनी कपाटातून काढला तरी शोधाशोध नाही.

पहिलंउड्डाण

केलं सगळं. आकडे असे:

पांढरा: ५० × ७५ सेंमी, ७.१ ग्रॅम. म्हणजे जवळजवळ १९ ग्रॅम प्रति चौ. मी.
लाल: ५० × ७० सेंमी, ६.० ग्रॅम. म्हणजे १७.
जपानी: ४५ × ६० सेंमी, ३.३ ग्रॅम. म्हणजे १२ च्या थोडा वर.

ओल्या परीक्षेत लाल कागद बोटांतच विरघळल्यासारखा झाला, आणि बोटं लाल झाली ती अजून तशीच आहेत. पांढरा थोडा टिकला, मग मऊ पडून तुटला. जपानीची पट्टी मात्र ओली असताना मी बऱ्यापैकी ओढली तरी तुटली नाही! उजेडात धरली तर आत लांब लांब तंतू दिसतात, केसांसारखे.

पण एक शंका. १२ आणि १९, फरक ७ ग्रॅमचा, आणि तोही अख्ख्या चौरस मीटरला. माझ्या एवढ्याशा विमानाला त्याने काय फरक पडणार?

मधली_बरगडी

रास्त शंका आहे. हिशोबच करू.

तुमचा पंख ३३ सेंमी लांब, रुंदी ६ धरू. वरून-खालून मिळून ४०० चौ. सेंमी. धडाच्या चार बाजू सुमारे २५०. शेपटी एकाच बाजूने झाकणार असाल तर ६०-७०. सगळं मिळून ७०० चौ. सेंमीच्या जवळ, म्हणजे ०.०७ चौ. मी.

१२ च्या कागदाने ०.८४ ग्रॅम. १९ च्या कागदाने १.३३. फरक अर्धा ग्रॅम. सांगाडा ४.१ चा असताना अर्धा ग्रॅम म्हणजे बारा टक्के! एवढं वजन बाल्साच्या काड्या निवडून वाचवायला तुम्ही किती तास घातले असतील ते आठवा.

आणि शेपटीचा हिशोब वेगळाच असतो. शेपटी गुरुत्वमध्यापासून समजा १४ सेंमी मागे आहे आणि नाक ५ सेंमी पुढे. शेपटीवर ०.१ ग्रॅम जादा गेला, तर तोल साधायला नाकात जवळजवळ ०.३ ग्रॅम माती लावावी लागते. म्हणजे मागे केलेली चूक पुढे तिप्पट भरावी लागते. म्हणून मी सांगाडा बघतो तो शेपटीकडून. शेपटीला जो कागद झेपतो, तोच त्या विमानाचा कागद.

झुळूक

मधली_बरगडी दादांनी शेवटी लिहिलेलं वाक्य मला फार पटतं. वजनासाठी तर आहेच, पण त्याहूनही ताणासाठी.

टिश्यू वाळताना आकसतो, आणि आकसताना तो सांगाड्याला ओढतो. पंखाला लीडिंग एज (पुढची कड) आहे, स्पार (लांबीभर जाणारी काडी) आहे, बरगड्यांना (पुढून मागे जाणाऱ्या पट्ट्यांना) उंची आहे, तो थोडीफार ओढ सहन करतो. शेपटी मात्र सपाट असते, दीड मिलिमीटरच्या काड्यांची चौकट. तिला पीळ द्यायला कागदाला काहीच कष्ट पडत नाहीत. एकाच बाजूने झाकली असेल तर झाकलेल्या बाजूकडे ती वाटीसारखी वळते.

तुमच्या ग्लायडरचं नेमकं हेच झालं असणार. माझंही एकदा झालंय, ते सविस्तर लिहिते, कारण त्यातून मी जे शिकले ते दुसरीकडे कुठे वाचायला मिळालं नव्हतं.

शेपटी झाकली, पाणी फवारलं आणि पीळ पडू नये म्हणून बांधणीच्या पाटावर सपाट ठेवून वर जाड पुस्तक ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुस्तक उचललं तर शेपटी एकदम सपाट. मी खूश. टेबलावर ठेवली आणि तासाभराने पाहिलं तर एक टोक हळूहळू उचललं जात होतं! डोळ्यांदेखत. पुस्तकाखाली हवाच लागली नव्हती, त्यामुळे कागद आतून दमटच राहिला होता, आणि खरं आकसणं सुरू झालं ते पुस्तक काढल्यावर.

तेव्हापासून मी पाटावर बाल्साच्या ३ मिमीच्या चिपा ठेवते, त्यांवर शेपटी, आणि प्रत्येक चिपेच्या जागी वरून दुसरी चिप टाचणीने दाबते. वरून-खालून हवा खेळते आणि चौकट मात्र हलत नाही. कागद पाटाला चिकटतही नाही. पूर्ण रात्र तशीच राहू देते. डोप (कागद ताठ करणारं, लाखेसारखं द्रव) लावल्यावरही पुन्हा तसंच बांधून ठेवते.

आता कागदाबद्दल. तुमच्याकडचा जपानी कागद जपून वापरा. एसाकी या जपानी नावाचा जुना टिश्यू, ज्याच्यावर आधीच्या पिढीने विमानं झाकली, तो आता सहज मिळत नाही. तुमचा कोणता आहे माहीत नाही, पण १२ ग्रॅम आणि ओला असताना टिकतो, म्हणजे चांगलाच आहे. त्याची एक बाजू चकचकीत असेल, एक किंचित खरखरीत. चकचकीत बाजू बाहेर ठेवा. डोप कमी पितो आणि दिसतोही सुरेख.

कात्री_कागद

मी थोडं वेगळं मत मांडतो. लाल कागद लगेच बाद करू नका.

हवेत विमान दिसायला हवं. फिकट पिवळं विमान उन्हात पंचवीस फुटांवर गेलं की आकाशात हरवतं, आणि गवतात उतरलं तर शोधून सापडत नाही. रंगाला काम असतं.

लाल कागद सांगाड्यावर ओला करायचा नाही, एवढंच पाळायचं. तो आधीच आकसवून घ्यायचा. पुठ्ठ्याची किंवा फोमबोर्डाची रिकामी चौकट करा, खिडकीसारखी. तिच्यावर कागद सैलसर चिकटवा, कडांना ग्लू स्टिक पुरते. मग लांबून अगदी बारीक फवारा मारा, धुक्यासारखा. थेंब पडता कामा नये, थेंब पडला की तिथे भोक. कागद आधी लोळागोळा झाल्यासारखा दिसेल, घाबरू नका. वाळला की ताठ होतो. पुन्हा एकदा करा. मग चौकटीतून कापून काढा आणि कोरडाच चिकटवा.

असा आकसवलेला कागद सांगाड्यावर गेल्यावर फारच थोडा ताणतो. शेपटीसाठी तर मी कोणताही कागद असाच घेतो, जपानी असला तरी.

रंग गळण्याची भीती राहतेच, ती मान्य. डोप लावताना लाल रंग सुटून ब्रशला येईल का, हे तुकड्यावर आधी बघा.

मधली_बरगडी

आकसवून घेण्याच्या पद्धतीला माझा पूर्ण पाठिंबा. पण चौरस मीटरला ५ ग्रॅम जादा तो ५ ग्रॅम जादाच. सोपा मार्ग सांगतो: विमान जपानीचं करा, आणि लाल कागदाच्या पट्ट्या पंखांच्या टोकांना आणि उभ्या शेपटीला डोपने लावा. दोन चौरस इंच लाल रंग लांबूनही दिसतो.

पहिलंउड्डाण

हे आवडलं. जपानी टिश्यू, लाल टोकं. ठरलं.

ग्रेन पंखावर कुठल्या दिशेने ठेवायची? आणि चिकटवायचं कशाने? ग्लायडरला मी प्रत्येक बरगडीवर गोंद लावला होता.

झुळूक

पंखावर ग्रेन टोकापासून टोकाकडे, धडावर नाकापासून शेपटीकडे.

कारण असं की कागदाचा तंतू ओला झाला की फुगतो, लांबी त्याची फारशी वाढत नाही. वाळताना तो तेवढाच बारीक होतो. त्यामुळे सगळी ओढ ग्रेनच्या आडव्या दिशेने जास्त असते. ग्रेन पंखाच्या लांबीला असेल तर मोठी ओढ लीडिंग एज आणि ट्रेलिंग एज (मागची कड) यांच्यामध्ये येते, आणि तिथे बरगडी तिच्या लांबीने टेकू देते. बरगडी त्या दिशेने मजबूत असते. उलट ठेवलंत तर तीच ओढ बरगड्यांना बाजूने खेचते, आणि एक मिलिमीटरच्या फळीतून कापलेली बरगडी बाजूने अगदीच दुबळी. टोकाची बरगडी आत वाकलेली दिसली की समजावं, ग्रेन चुकली.

धडाचंही तसंच. आडव्या-उभ्या काड्या ती ओढ पेलतात.

हलकं_फुलकं

चिकटवण्याबद्दल मी लिहिते. प्रत्येक बरगडीवर गोंद लावायची गरज नाही, फक्त बाहेरच्या चौकटीवर लावा. बरगड्यांवर कागद नुसता टेकलेला राहू द्या, म्हणजे ताण सगळीकडे सारखा पसरतो. अपवाद एकच: पंखाची खालची बाजू आतल्या अंगाला वळलेली असेल तर तिथे प्रत्येक बरगडीला चिकटवावंच लागतं, नाहीतर आकसताना कागद वळण सोडून सरळ रेषेत ताणला जातो आणि पंखाचा आकारच जातो.

खालची बाजू आधी, वरची नंतर. वरची डावी-उजवी वेगळी, पंख वर वळतो त्या जागी जोड.

गोंद म्हणाल तर ग्लू स्टिक नवशिक्यासाठी सर्वांत सोपी. चुकलं तर उचलून पुन्हा लावता येतं. पांढरा पीव्हीए गोंद निम्मं पाणी घालून पातळ केला तर जोड नाजूक दिसतो, पण कागद लगेच ओला होतो, हात चपळ लागतो. मी स्वतः डोपने चिकटवते. सांगाड्याच्या कडांना आधी डोपचे दोन हात द्यायचे, वाळले की ४०० नंबरच्या पॉलिशपेपरने अलगद घासायचं. मग कोरडा कागद जागेवर ठेवून वरून थिनरचा ब्रश फिरवायचा. थिनर कागदातून झिरपतो, खालचा डोप मऊ करतो आणि कागद बसतो. गोंदाची रेघ दिसतच नाही.

आणि घासण्याचं काम सोडू नका. टिश्यू पारदर्शक असतो, खालचा गोंदाचा प्रत्येक गोळा, बरगडीचा प्रत्येक उंचवटा उजेडात दिसतो. बोट डोळे मिटून सांगाड्यावरून फिरवा. जिथे बोट अडखळेल तिथे कागदाला सुरकुती पडणार.

ताण_तोल

उशिरा आलो. कोणी मायलारचं नाव घेतलं नाही म्हणून लिहितोय.

५ मायक्रॉनची मायलार (पॉलिएस्टरची) फिल्म चौरस मीटरला फक्त ७ ग्रॅम. पाण्याने ढिली पडत नाही, दमट हवेत ताण जात नाही, गवताच्या काडीने भोक पडत नाही. आमच्या मोठ्या फ्री फ्लाइट (सोडल्यावर आपलं आपण उडणाऱ्या) मॉडेलांवर मी आधी मायलार आणि त्यावर टिश्यू असाच थर देतो. मायलार इस्त्रीने चिकटवून ताणायची, मग तिच्यावर कोरडा टिश्यू ठेवून पातळ डोप झिरपवायचा. फाटत नाही, आणि कडकपणाही येतो.

झुळूक

नुसती मायलार मात्र लावू नये असं मला वाटतं, हे तुम्हालाही मान्य असावं? डोप लावलेला टिश्यू पंखाला पिळापासून वाचवतो, तो सांगाड्याचा एक भागच बनतो. मायलार ताणलेली असली तरी तेवढा आधार देत नाही. टिश्यूसाठी बनवलेल्या सांगाड्यावर नुसती मायलार लावली तर तो पंख हातात लवचीक लागतो.

ताण_तोल

अगदी मान्य. म्हणूनच दोन्ही लावतो. नुसती लावायची तर सांगाड्यातच तिरप्या बरगड्या घालाव्या लागतात. आणि पहिलंउड्डाण यांच्या पीनटला दोन्ही थर म्हणजे आणखी अर्धा ग्रॅम, तिथे मी आग्रह धरणार नाही. ९० सेंमीच्या पुढे, बाहेर वाऱ्यात उडवायचं असेल तर नक्की विचार करा.

जुना_नकाशा

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण इथेच विचारतो. माझ्याकडे विमानं बांधायचे जुने नकाशे आहेत. ब्रिटिश नकाशावर 'लाइटवेट मॉडेलस्पॅन' लिहिलंय आणि अमेरिकन नकाशावर 'सिल्कस्पॅन'. आज त्यांच्या जागी काय घ्यायचं?

मधली_बरगडी

नाव सोडा, वजन आणि स्वभाव धरा. लाइटवेट मॉडेलस्पॅन १२-१३ ग्रॅमच्या घरातला, हेवीवेट २१ च्या आसपास. दोन्ही लांब तंतूंचे, ओले चढवायचे कागद. सिल्कस्पॅन त्याच जातीचा, पण जाड. नावात सिल्क असलं तरी तो रेशीम नाही, कागदच. ओला असताना चिवट असतो, म्हणून गोलाकार भागांवर ओलाच ओढून बसवतात. आज ओल्या परीक्षेत पास होणारा आणि त्याच वजनाचा कुठलाही लांब तंतूंचा कागद घेतलात तर नकाशा बनवणाऱ्याच्या मनातलंच विमान होईल.

मोठ्या मॉडेलला पॉलिस्पॅनही उत्तम. तो पॉलिएस्टरचा आहे, इस्त्रीने आकसतो, पाण्याने नाही. मात्र त्याची छिद्रं भरायला डोपचे बरेच हात लागतात. आणि लाइटस्पॅन (इस्त्रीने चिकटणारं आवरण) ३० ग्रॅमच्या आसपास, साधी इस्त्रीची फिल्म त्याच्या दुप्पट. रेडिओवर उडणाऱ्या विमानांना चालेल, रबरच्या छोट्या विमानाला नाही.

जुना_नकाशा

आभारी आहे. त्यातलं एक विमान ग्लो इंजिनाचं (मिथेनॉलवर चालणारं छोटं इंजिन) आहे, १२० सेंमी. डोप कोणता?

हलकं_फुलकं

ग्लो असेल तर वरचे हात ब्युटिरेट डोपचे. ग्लोच्या इंधनातलं मिथेनॉल नायट्रेट डोपला विरघळवतं, ब्युटिरेट टिकतो. नायट्रेट चिकटतो छान, म्हणून आधी नायट्रेट आणि वर ब्युटिरेट चालतं. उलट करू नका, वरचा थर धरत नाही.

पीनटवाल्यांसाठी: इथे इंधनाचा प्रश्नच नाही, म्हणून नायट्रेट. तोही निम्मा थिनर घालून पातळ, आणि एकच हात, फार तर दोन. ब्युटिरेट जास्त आकसतो, आणि महिनोन्महिने आकसत राहतो. तुमच्या शेपटीला तो झेपणार नाही. पातळ डोपच्या ३० मिलिलिटरमध्ये मी एरंडेल तेलाचे ४-५ थेंब घालते. तेलाने थर लवचीक राहतो, ओढ कमी होते. तेल जास्त झालं तर चिकट राहतं, म्हणून थेंब मोजूनच.

दोन गोष्टी मनापासून सांगते. डोप आणि थिनर झटकन पेट घेतात, त्यांच्या वाफासुद्धा. खिडक्या उघड्या, गॅस-मेणबत्ती-हीटर काही जवळ नको, डबा वापरून झाला की लगेच झाकण. लहान मुलं घरात असतील तर हे काम बाहेर करा. आणि हवा दमट असेल त्या दिवशी डोप लावूच नका. थिनर उडून जाताना पृष्ठभाग थंड करतो, हवेतलं पाणी त्यावर जमतं आणि डोप दुधासारखा पांढरा पडतो. पडलाच तर कोरड्या दिवशी वरून नुसता थिनरचा हलका हात द्या, बहुतेक वेळा जातो.

वास सोसत नसेल तर पाण्यातले ॲक्रिलिक डोपही येतात. काम करतात, पण पाणी असल्याने कागद पुन्हा ओला होतो, तेव्हा शेपटी बांधून ठेवायचं विसरू नका. डब्यातला पारदर्शक ॲक्रिलिक स्प्रेही बरेच जण वापरतात. लांबून, एकच हलका झोत.

ताण_तोल

पाण्याऐवजी आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारून बघा, ७० टक्क्यांचं. पाणी कमी म्हणून कागद कमी आकसतो आणि लवकर वाळतो. पंखाला पुरेसं होतं. (हेही ज्वालाग्राही आहे, ताईंनी सांगितलेली काळजी इथेही.)

निळी_शेपटी

टिश्यूवर प्रिंटरने खुणा छापलेलं कोणी केलंय का? आकडे आणि पट्टे?

कात्री_कागद

केलंय. टिश्यू आधी आकसवून घ्या, मग साध्या कागदावर पुढच्या कडेला नीट चिकटवून इंकजेटमधून काढा. सुरकुती असेल तर प्रिंटर ओढून फाडतो. छापल्यावर पारदर्शक स्प्रेचा हलका हात द्या, आणि नंतर पाणी अजिबात नाही. शाई पसरते.

पहिलंउड्डाण

मंडळी, झाकून झालं! दहा दिवस इथे काही लिहिलं नाही, कारण रोज संध्याकाळी तेच करत होतो.

कागद पुठ्ठ्याच्या चौकटीत दोनदा आकसवला. शेपटीला कोरडा लावला, ग्लू स्टिकने, आणि पाणी किंवा अल्कोहोल काहीच मारलं नाही. झुळूक ताईंनी सांगितल्याप्रमाणे चिपांमध्ये बांधून एक हात डोप दिला. रात्रभर ठेवला. सकाळी काढला, आणि तासाभराने पुन्हा बघायला गेलो. मग दुपारी. मग रात्री. सपाट आहे! आज चौथा दिवस, अजून सपाट.

पंखाला अल्कोहोल मारलं. मारल्यावर कागद आधी बरगड्यांवर चिकटल्यासारखा लोंबला, पोटात गोळाच आला. मी टेबलापाशीच बसून राहिलो. दहाएक मिनिटांनी टोकाकडून ताण यायला लागला, एकेका कप्प्यातली सुरकुती विरत विरत मध्याकडे आली. बोटाने टिचकी मारली तर टण्ण वाजतो.

लाल टोकं लावली. खिडकीत धरलं तर प्रत्येक बरगडी दिसते, आणि एके ठिकाणी माझा गोंदाचा गोळाही दिसतो, हलकं_फुलकं ताईंनी आधीच सांगितला होता तो.

आता वजन ५.३ ग्रॅम. म्हणजे कागद, गोंद, डोप आणि लाल पट्ट्या मिळून १.२.

एकच राहिलंय. पंखाच्या मधल्या एका कप्प्यात थोडा झोळ आहे. बाकी सगळं ताठ. डोप लावलेला आहे. परत सगळा पंख ओला करू का?

झुळूक

नका! सगळा नका. मऊ ब्रश अल्कोहोलमध्ये बुडवा, निथळू द्या, आणि फक्त तेवढ्याच कप्प्यात फिरवा. कडेच्या बरगड्यांना लागू देऊ नका. पंख पाटावर बांधून ठेवा, डाव्या टोकाच्या ट्रेलिंग एजखाली दीड मिलिमीटरची चिप ठेवूनच बांधा. विमान डावीकडे वळत चढणार ना? मग त्या टोकाला थोडा वॉशआउट (मागची कड किंचित वर) मिळेल, हे एका दगडात दोन पक्षी.

झोळ पूर्ण गेला नाही तरी राहू द्या. एक कप्पा सैल असला तरी विमान उडतं, पण तो एक कप्पा घट्ट करायच्या नादात पंखाला पीळ पडला तर उडत नाही.

मधली_बरगडी

५.३ म्हणजे उत्तम. वॉशआउट दोन्ही टोकांना द्या, डाव्याला जरा कमी. डावीकडे वळताना आतलं टोक आधी खाली पडतं असं वाटलं तर ते पहिल्या उड्डाणांनंतर वाफेवर दुरुस्त करता येतं. किटलीच्या वाफेवर टोक दहा सेकंद धरा, हवं तेवढं वळवा, थंड होईपर्यंत सोडू नका.

झुळूक

दादांचं बरोबर आहे, दोन्ही टोकांना द्या. मी घाईत एकच लिहिलं.

पहिलंउड्डाण

दोन्ही टोकांखाली चिपा ठेवून पंख बांधलाय. डावीकडे एक मिलिमीटर, उजवीकडे दीड. झोळ असलेल्या कप्प्यावर ब्रश फिरवला, आत्ता वाळतोय. जपानी टिश्यूचा एक अख्खा कागद उरलाय, त्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून ठेवलं: १२.२, आणि बाण.